साहेब नावाचा ससा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तसं पाहिलं तर माझ्या पोटात काही राहत नाही – सकाळी ऐकलेलं दुपारपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळायचं माझ्यामुळे. पण हे राहिलं. पन्नासहून जास्त वर्षं राहिलं. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. बसलाय समोर, तर ऐका.

गोष्ट एका सशाची आहे. हसू नका.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. म्हणजे एकोणीसशे एकाहत्तर. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात आमचे हे कारकून होते, आणि कॉलनीत दोन खोल्या, मागे परसू असं आमचं घर. घरात तिसरी माझी नणंद, कुसुम. तिला सासरहून पाठवून दिलेलं होतं, कायमचं. वीस वर्षांची पोर, पण बोलायची म्हणून नाही. भाकरी वाढली तर खायची, नाही वाढली तर मागायची नाही. मी खूप प्रयत्न केले हो. वेण्या घालून दिल्या, पत्ते शिकवले. ढिम्म! शेवटी मीही नाद सोडला.

त्या दिवाळीत तिच्या डोळ्यांना नंबर लागला म्हणून आम्ही तिघं नगरला गेलो. चष्मा मिळायला वेळ होता, तर हे म्हणाले, चला, पांजरपोळ दाखवतो. भाकड गाई, लंगडे बैल, आणि त्यांच्यामध्ये एका खोक्यात हा पांढराशुभ्र ससा. बदली झालेल्या कुणा मिलिटरीच्या साहेबाने सोडून दिलेला. कुसुम खाली बसली ती उठेचना. आणि मग – सहा महिन्यांत पहिल्यांदा – तिने काहीतरी मागितलं. "दादा, नेऊ या?"

तिथला राखणदार म्हातारा मोठा खट. घरात मांजर हाय का, शेजारी कुत्रं हाय का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, घरधनीन कोन? मी पुढे झाले. त्याने मला एका गाईच्या पाठीवर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं – ससा कापणार नाही, विकणार नाही, रानात सोडणार नाही, सांभाळणं झालं नाही तर इथेच आणून देईन. तो तसा सगळ्यांकडूनच वदवून घ्यायचा म्हणे.

सशाचं नाव कुसुमने ठेवलं 'साहेब'. आणि आमच्या घरात बोलणं सुरू झालं! साहेबांनी आज मेथी खाल्ली, साहेबांना मुळा चालत नाही. हे तर इतके खूश की ऑफिसातून येताना गाजरं आणायचे. मी खूश नव्हते का? होते की. पण ती सशाशी बोलायची, माझ्याशी नाही. हे टोचायचं, आणि सशाने टोचावं याची लाजही वाटायची.

मग सरूबाई यायला लागली. ती पाथर्डीकडची, ऊसतोडीला आलेली. कारखान्याच्या पाठीमागे त्या लोकांच्या पाचटाच्या कोप्या होत्या, म्हणजे झोपड्याच. संध्याकाळी ती कॉलनीतल्या गाईम्हशींना वाढं विकायची – उसाचे हिरवे शेंडे – आणि साहेबासाठी हातभर कोवळा घास वेगळा काढून आणायची, फुकट. कुसुमची आणि तिची काय गट्टी जमली! एके दिवशी परसातून कुसुमचं हसणं ऐकू आलं. खळखळून, अगदी लहान पोरीसारखं. मी पीठ मळत होते, तशाच हाताने बाहेर गेले – आणि मला बघून दोघी गप्प झाल्या.

त्याच आठवड्यात सशाने माझ्या लग्नाच्या शालूचा पदर कुरतडला. मी फार आकांडतांडव केलं. पण खरं सांगू? शालू हे निमित्त. पदर चार बोटं गेला होता, आत दुमडून शिवलाही मी नंतर.

कुसुम दोन दिवस राहात्याला मावशीकडे गेली, बारशाला. हे ऑफिसला गेल्यावर मी ससा झाकणाच्या टोपलीत घातला, एसटी पकडली आणि पांजरपोळीत नेऊन दिला. म्हाताऱ्याने मला ओळखलं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बाई, लोक रस्त्यात सोडत्यात. तुमी शब्द पाळला." मला प्यायला पाणी दिलं. आणि मी ते प्याले.

दुपारी चारला घरात. कुणाला पत्ता नाही.

कुसुम आली, रिकामं खोकं बघून सैरभैर झाली. मी काय सांगितलं? मी फार थोडं सांगितलं. "काल दुपारी मला जरा डोळा लागला, मागचं दार उघडंच राहिलं. सरूबाई काय ती वाढं घेऊन येऊन गेली." बस्, एवढंच. आपसूक तोंडातून गेलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं. आपसूक काही जात नाही हो.

कुसुम म्हणाली, ती असं करायची नाही, वहिनी. मी म्हटलं, मी कुठे म्हणते केलं? पण पोटाला कमी असलं की माणूस... आणि वाक्य तिथेच सोडलं.

त्यात सरूबाई तीन दिवस फिरकली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी कुसुम चप्पल घालून उभी. तुम्ही येता का, म्हणाली. मी गेले. ससा नगरला मजेत गवत खातोय हे पक्कं ठाऊक असताना गेले.

कोपीत कोपऱ्यात सरूबाईची मुलगी तापाने फणफणत पडली होती. म्हणून ती आली नव्हती. चुलीवर पातेलं रटरटत होतं, लसणाचा वास सुटला होता. कुसुमने सांगितलं, साहेब सापडत नाही. पण सांगताना तिची नजर त्या पातेल्यावर होती. सरूबाईने ती बघितली. ओरडली नाही, रडली नाही. तिने झाकण काढलं आणि पळी माझ्यापुढे धरली. माझ्यापुढे, कुसुमपुढे नाही. "वैनी, ढवळून बघा. तळाला आसंल."

त्या क्षणी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. सकाळच्या एसटीने ससा घरी आला असता.

मी पळी घेतली आणि ढवळलं. हुलग्याचं पातळ माडगं होतं, पळी अडायला त्यात काही नव्हतं. तरी मी तळापर्यंत ढवळलं, दोनदा, नीट बघितल्यासारखं केलं. आजारी मुलगी उठून बसून बघत होती.

कुसुम मटकन खाली बसली आणि तिने सरूबाईचे पाय धरले. माझी मती फिरली होती, म्हणाली, मला माफ करा. सरूबाईने पाय मागे घेतले. "जावा तुमी," एवढंच बोलली. मी पळी हातात धरून उभी होते. ती कुठे ठेवावी कळेना.

सरूबाई परत आमच्या दारात आली नाही. हंगाम संपला, टोळी गेली. पुढल्या वर्षी दुष्काळ पडला, आणि ती माणसं कुठे खडी फोडायला गेली कुणास ठाऊक.

कुसुम शिवणकाम शिकली, आमच्याकडेच राहिली, माझी मुलं तिनेच वाढवली. दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दुखण्यात, आणि त्याआधीही, अधूनमधून ती तोच विषय काढायची – वहिनी, गरीब बाईच्या चुलीवर मी संशय घेतला. तिचा तळतळाट लागला असेल का हो मला?

मी तिचं पांघरूण सारखं करायचे आणि म्हणायचे, "काहीतरीच काय तुझं."