टायर बघायला सासूबाई गेल्या

पडले मी आणि बोलणी पण मलाच... कोपर माझं सोललं, साडी माझी फाटली आणि घरी आल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न काय, तर "तू नीट बसली नव्हतीस का?" अरे, टायर गोटा झालाय तुझा, त्यावर नक्षीची एक रेघ शिल्लक नाही, आणि नीट मी बसायचं?

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आम्ही असल्फ्याला चाळीत राहायचो आणि मरोळला एका औषधांच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. आमचे हे रोज सकाळी मोटरसायकलवरून मला सोडायचे. गाडी सेकंडहँड, टायर कितव्या हँडचे देवाला माहीत... साकीनाक्याच्या वळणावर रस्ता ओला होता, मागचं चाक सरकलं आणि मी खाली.

सासूबाई मालवणच्या. कोपराला हळद लावता लावता निकाल देऊन टाकला. "पुरे झाली नोकरी. आता घरात रव."

सातवी नापास बाईला परत अशी नोकरी कोण देणार होतं? आणि खरं सांगायचं तर ती नोकरी मला आवडायची. तिथे मला कोणी सूनबाई म्हणत नव्हतं.

यांना पण वाईट वाटलं असावं. म्हणाले, "आये, थांब. आधी टायर बदलतो, मग बोल." आणि मग जी काय टायरची शोधाशोध सुरू झाली... दुकानामागून दुकान. रिमोल्ड नको, जुन्या टायरवर चढवलेलं रबर सोलून निघतं. सरळ रेघांचा मागे नको, ओल्यात घसरतो. ठोकळ्यांचा चिखलात भारी, पण डांबरी रस्त्यावर घरघर आवाज करतो. कडक रबर खूप दिवस चालतं पण पकडत नाही, मऊ रबर पकडतं पण लवकर झिजतं. दुकानात उभे राहून नखाने रबर दाबून बघायचे. मला बघायला आले होते तेव्हा अर्धा कप चहा पिऊन हो म्हणाले होते... टायरला मात्र अख्खा आठवडा.

शेवटी नागमोडी नक्षीचा, मधल्या रबराचा टायर घेतला. रोजच्या वापराला हाच, म्हणाले. रविवारी आरेच्या रस्त्याने चक्कर मारून आले. तिथे झाडांचा पाला, म्हशींचं शेण, ओलं डांबर, सगळं एका ठिकाणी मिळतं. मुद्दाम ब्रेक मारून बघितले, मुद्दाम वळणं घेतली. दारातूनच ओरडले, "झकास. हलला पण नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकटोच गेलंस?"

"हो."

"आणि पडली कोण?"

मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, बोललीस.

मला वाटलं आता मला बसायला सांगतील. तर सासूबाईंनीच सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि चाळीचा जिना उतरायला लागल्या. "मी बसतंय मागे. बघूया तुझो टायर काय म्हणता."

"आये, चाळ बघतेय." हे मागून धावले.

चाळ खरंच बघत होती. सासूबाई नऊवारीवाल्या, कासोटा घातलेला. सरळ इकडून तिकडे पाय टाकला आणि पुरुषासारख्या बसल्या. माझा नवरा लाजेने लाल, आणि त्या एकदम आरामात... जणू जन्मभर हेच करत आल्यात.

मी जिथे पडले होते तिथपर्यंत जाऊन आल्या. अंबाडा सुटलेला, चेहरा गंभीर. मी पाणी दिलं. प्यायल्या आणि मलाच झाडलं. "टायर बरो आसा. पण तुझा बसणाच खुळा. वळणाक तो एका बाजूक कलता आणि तू दुसऱ्या बाजूक लोंबतंस. देवान दोन पाय दिल्यान ते एकाच बाजूक टांगूक काय?"

मी म्हटलं, "पाचवारी साडीत कशी बसू, आई?"

"मगे तो ड्रेस शिवून घे, पंजाबी."

आमच्या चाळीत तोपर्यंत एकाही सुनेने ड्रेस घातला नव्हता. मी म्हटलं, लोक बघतील. तर म्हणाल्या, "रस्त्यार पडलंस तरी लोक बघतलेच ना? मगे बसलेली बघांदेत."

हिरव्या रंगाचा शिवला. दोन्हीकडे पाय टाकून कामावर गेले आणि पुढे रिटायर होईपर्यंत जातच राहिले. लोकांनी महिनाभर बघितलं, मग कंटाळले. सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली... माझ्या प्रत्येक पगारात त्यांची ती एक चक्कर होती, असं मी समजते.

हे सगळं आजच का लिहिते? तर माझे चिरंजीव सुशांत. कांदिवलीला राहतात, मोठी बाईक आहे. परवा त्यांनी इथेच लांब पल्ल्याच्या नव्या टुरिंग टायरवर भलीमोठी पोस्ट टाकलीय. ग्रिप कशी, पावसात ब्रेक कसा, किती हजार किलोमीटर चालतील... दोनशे जणांनी लाईक केलंय. सगळी टेस्ट एकट्याने. सून प्राजक्ता रोज त्याच्यामागे बसून अंधेरीला ऑफिसला जाते, तिला कसं वाटलं याची त्यात एक ओळ नाही.

तेव्हा सुशांत, फोन उचलत नाहीस म्हणून सगळ्यांसमोर विचारते. रविवारी परत टेस्ट करायची, आणि मागे माणूस बसवून करायची. ती बसणार की मी, ते शनिवारपर्यंत सांग.