घंटेच्या आतल्या बाजूला

कुया गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी शारजातल्या रोल्लाला भाजीवाल्याकडे मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होतो. शनिवारची सकाळ होती. बायको, नीता, शेजारच्या दुकानात पोहे घ्यायला गेली होती. आमच्या फाउंड्रीच्या ग्रुपवर भट्टीवरच्या इरफाननं लिहिलं होतं, 'कुया रेने एक्सपायर्ड. हार्ट. आज सकाळी, रूमवर.' मी वाचलं, फोन खिशात ठेवला आणि मेथीच्या दोन जुड्या निवडल्या. तिसरीत पिवळी पानं होती, ती परत केली. नीता आली तेव्हा तिला सांगितलं, तर ती 'अरे देवा, कसं काय?' म्हणत तिथल्या क्रेटवरच बसली. मी म्हटलं, पार्किंगची वेळ संपत आलीय, चल. घरी येऊन मी मेथीची भाजी खाल्ली, दुपारी झोपलो, संध्याकाळी मुलाला गणितं घातली. त्यानं विचारलं, 'बाबा, आर यू ओके?' मी म्हटलं, 'येस, आय ॲम ओके.' आज सहा आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही, उगाच खोटं कशाला लिहू?

कुया म्हणजे त्यांच्या भाषेत थोरला भाऊ. त्याचं नाव रेनातो, पण शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या छोट्या फाउंड्रीत नेपाळ्यांपासून मालकाच्या अरबी पीआरओपर्यंत सगळे त्याला कुयाच म्हणायचे. आम्ही पितळ आणि कांसं ओततो, बोटींचे पंखे, पंपांचे भाग, असलं. तो पॅटर्न मेकर, म्हणजे ज्याचा साचा पाडायचा ती वस्तू आधी लाकडात घडवणारा. मी क्यूसी. भोसरीतल्या फाउंड्रीत माल नापास करायला शिकलो आणि गेली सतरा वर्षं तेच इथं करतोय. ओतणारे आणि तपासणारे यांचं कुठल्याच फाउंड्रीत पटत नाही, पण आमचं पटलं. जेवायला आम्ही एकाच बाकावर बसायचो. नीताच्या लसणाच्या चटणीसाठी तो जीव टाकायचा, आणि त्याचे सुके मासे उघडले की मी नाक दाबून तोंड फिरवायचो. 'सर सतीश,' तो म्हणायचा, 'तुमच्या चटणीचा वास बसमध्ये माझ्याबरोबर घरापर्यंत येतो, मी कधी काही बोललो का?' मला तो कायम सर सतीश म्हणायचा, सर आधी आणि नाव मागून. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा होता.

त्याला त्याच्या गावी पाठवून आठवडा झाला असेल, तेव्हा त्याच्या मुलीचा मेसेज आला. मारिसेल तिचं नाव, मनिलात दातांच्या डॉक्टरकडे काम करते. तिनं लिहिलं होतं, की पपांनी तिकडे एका शाळेसाठी घंटा ओतली होती, तिच्या आतल्या बाजूला त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे, मम्मीला तो बघायचाय. 'सर, फोटो काढून पाठवाल का, प्लीज?' खाली हात जोडलेले. तो ठसा तिथं नाही. मी तो काढायला लावला होता. एवढंच उत्तर होतं, आणि ते लिहायला मला चार आठवडे जमलं नाही. रोज फोन उघडायचो, 'डियर मारिसेल' लिहायचो आणि खोडायचो.

ठशाची गोष्ट कुयानं मला फार पूर्वी सांगितली होती. त्याचं गाव मनिलाच्या उत्तरेला, नदीकाठी. तिथल्या चर्चच्या कोठारात एक तडा गेलेली घंटा पडून आहे, स्पॅनिश लोक नुकते येऊन बसले त्या काळातली. तिच्यावर पाद्र्याचं नाव आहे, संताचं आहे, राजाचं आहे. ज्यानं ती ओतली त्याचं काही नाही. गावात त्याला नुसतं 'पांदाय' म्हणतात, म्हणजे लोहार, ओतारी, धातूतलं कळणारा माणूस. आधी तो गावच्या सरदारासाठी छोट्या तोफा ओतायचा. स्पॅनिश जिंकले तेव्हा त्यांनी सरदाराला मारलं आणि पांदायला ठेवून घेतलं, कारण ओतणारा माणूस जहाजातून आणणं परवडत नव्हतं... तोच माणूस, तीच भट्टी, आता तोफांऐवजी घंटा. त्याला स्वतःचं नाव घालू देणार नव्हतेच. मग त्यानं काय केलं, तर घंटेच्या आतल्या पोकळीसाठी मातीचा जो गाभा करतात, त्याच्यावर ओल्या मातीत अंगठा दाबला. मातीत खड्डा पडला, तिथं कांसं भरलं, आणि घंटेच्या आत ओठापासून, म्हणजे खालच्या कडेपासून, चार बोटं वर अंगठा उठून आला. रेषांसकट, कुया म्हणायचा. गावातल्या आया लेकरांना कडेवर घेऊन त्या अंगठ्यावर त्यांचा अंगठा टेकवतात. कुयाचाही टेकवला होता. खरं-खोटं तो पांदाय जाणे. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल गाव काहीही सांगेल, असं मी तेव्हा तोंडावर म्हटलंसुद्धा.

त्यावर त्यानं मला विचारलं होतं, 'तुमच्याकडे देवळात एवढ्या घंटा आहेत, कधी आत हात घालून बघितलंत?' नव्हतं बघितलं. आपण घंटा वाजवतो आणि पुढे होतो. मग मी त्याला आमच्या भांड्यांचं सांगितलं. आमच्या घरी प्रत्येक तांब्यावर, ताटावर, परातीवर नाव घातलेलं असतं. आईच्या लग्नातल्या पितळी डब्यावर मामाचं नाव आहे, तारीख आहे, 'सप्रेम भेट' आहे. 'आणि बनवणाऱ्याचं?' त्यानं विचारलं. मी हसलो. बनवणाऱ्याचं कोण घालतं? तो पण हसला, आणि चटणी संपवून हात धुवायला गेला. माझ्या डोक्यातून ते सगळं त्याच दुपारी निघून गेलं असणार.

तीन वर्षांपूर्वी अल ऐनच्या एका शाळेची ऑर्डर आली. मोठी कांशाची घंटा, वर शाळेचं नाव, बोधवाक्य आणि देणगी देणाऱ्या साहेबांचं नाव. आमच्याकडे घंटा कुणी कधी मागितली नव्हती. कुयाची काय गडबड सुरू झाली! एरवी चारला यल्ला म्हणत बस पकडणारा माणूस साडेपाचपर्यंत थांबायचा. लाकडी पॅटर्न त्यानं दोनदा मोडून तिसऱ्यांदा केला. गाभ्याला तो मोल्डिंगवाल्यांना हात लावू देईना, मी करतो म्हणाला. आम्ही त्याची चेष्टा केली, कुया आता आर्चबिशप होणार म्हणून. ओतली त्या दिवशी त्यानं भट्टीसमोर क्रॉस केला, आणि इरफानपण काहीतरी पुटपुटला. सुंदर उतरली, अगदी सुंदर. बाहेरून मला बोट ठेवायला जागा सापडेना, आणि हे मी फारसं कुणाच्या कामाबद्दल म्हणत नाही.

बाहेर सापडेना म्हणून मी आत बघितलं. टॉर्च घेतला, गुडघ्यावर बसलो, घंटेच्या आत डोकं घातलं. ओठापासून चार बोटं वर एक उठाव होता, लांबट गोल. आमच्या धंद्यात गाभ्याला कुठं धक्का लागला की असा जादा धातू येतोच, आणि तो घासून काढतात. मी खडूनं त्याभोवती गोल काढला आणि रिपोर्टात लिहिलं, आतील पृष्ठभाग, जादा धातू, एक जागा, घासून सपाट करणे. कुया माझ्या मागं उभा होता. म्हणाला, 'सर सतीश, आतल्या बाजूला आहे. कुणाला दिसणार नाही.' आणि मी, शहाणा माणूस, त्याला म्हणालो, 'कुया, कुणाला दिसत नाही तेच बघायचा मला पगार मिळतो.' अहो, मला हे वाक्य तेव्हा आवडलं होतं! घरी येऊन मी नीतालासुद्धा सांगितलं. रेषा होत्या का त्याला? मला आठवत नाही. टॉर्चच्या उजेडात मी माप घेतलं, दीड मिलिमीटर. बघितलं नाही.

तो सांगू शकला असता. 'सर, हा माझा अंगठा आहे,' एवढं म्हणाला असता तर मी खडू पुसला असता, देवाशप्पथ पुसला असता. पण ते मी आज म्हणतोय. त्या दिवशी म्हणालो असतो, कस्टमरच्या ड्रॉइंगमध्ये अंगठा आहे का? मी स्वतःला ओळखतो. आणि तोही मला ओळखत होता. तो 'ओके सर' म्हणाला. घासायचं काम फेटलिंगच्या पोरांचं, पण त्यानं त्यांच्याकडून ग्राइंडर मागून घेतला आणि स्वतः आत हात घातला. मी तिथंच उभा राहून दुसऱ्या कामाचे कागद भरत होतो. नंतर आम्ही जेवलो. चटणी होती की नव्हती, आठवत नाही. त्यानंतर तीन वर्षं आम्ही रोज एकत्र जेवलो आणि त्यानं तो विषय कधी काढला नाही. घरी मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं, की ठसा आहे.

परवाच्या मंगळवारी मी साइट व्हिजिट सांगून गाडी काढली आणि अल ऐनला गेलो. शाळेच्या दारावरचा वॉचमन पठाण होता. त्याला हिंदीत म्हटलं, फाउंड्रीतून आलोय, घंटा चेक करायचीय. 'तीन साल बाद?' तो म्हणाला, पण आत सोडलं. घंटा व्हरांड्यात टांगली आहे, बरीच खाली, पोरांचा हात पोहोचेल अशी. मुलं वर्गात होती. मी आत हात घातला. ओतलेला पृष्ठभाग बोटांना जरा खरखरीत लागतो. फिरवत फिरवत एका जागी तो गुळगुळीत झाला. रुपयाएवढी जागा. इतकं चांगलं घासलं होतं की कडासुद्धा कळत नव्हत्या. मी अंगठा टेकवून बघितला. गार लागलं, बाकी काही नाही. मला लाज वाटली, आणि ती अजूनही वाटतेय. बाकी सगळं बधिर आहे, तेवढी एक जागा सोडून. मी फोटो काढला, गाडीत येऊन एसी लावला आणि मारिसेलला फोन केला.

सगळं सांगितलं. खडू, रिपोर्ट, ते माझं वाक्यसुद्धा. पलीकडे दवाखान्यातलं मशीन घूं घूं करत होतं, ते बंद झालं. मग तिनं विचारलं, 'पपांनी स्वतः घासलं?' मी हो म्हटलं. 'तुम्ही तिथं होता?' हो. 'मग?'

'मग तो म्हणाला, चेक सर. मी बोट फिरवून चेक केलं.'

'आणि?'

'आणि ओके म्हणालो.'

 मी सॉरी म्हणालो, तेही तीन-चारदा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलकं. ती म्हणाली, 'फोटो पाठवा, सर. मम्मी वाट बघतेय. हे मी तिला नाही सांगणार, तुम्हीही नका सांगू.' मी म्हटलं, अगं, पण फोटोत काहीच नाहीये. 'पाठवा,' ती म्हणाली.

मी पाठवला. गाडी तिथंच उभी होती, शाळेत मधली सुट्टी झाली आणि घंटा वाजायला लागली, एकामागून एक पोरं येऊन वाजवत होती. तेवढ्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. कुयाच्या बायकोचा. मोडक्या इंग्रजीत तिनं लिहिलं होतं, की थँक यू सर, गॉड ब्लेस, मला लगेच दिसला, किती स्पष्ट आलाय, त्यांचाच आहे, डावा.

मी फोटो उघडला. मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा काढून बघितलं. तिथं काही नाही. मी स्वतः तपासलं होतं.