चाळीस जर्नलांतली एक चूक

हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत मधे बोलू नका. माझी स्वतःच्या हातानं झालेली शोभा सांगतेय.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं चौथं, शेवटचं वर्ष. रोज जिंतूरहून एसटीनं परभणी, संध्याकाळी परत, वर प्रोजेक्ट. अंगात त्राण राहतंय कुठं? त्यात सरांनी विचारलं, "पहिल्या वर्षाच्या लॅबला सहायक म्हणून येतेस का?"

हो म्हणावं तर जीव जातो. नाही म्हणावं तर पुढं मला शिकवायचीच नोकरी हवी, सरांची शिफारस कुठल्या तोंडानं मागू?

आई म्हणाली, "सरायनं इचारलंय म्हंजी तुझ्यात कायतरी पाह्यलं आसंल. न्हाई म्हणू नको माय."

शेवटी सरच म्हणाले, "एक सोमवार घेऊन बघ, मग सांग."

घेतला! चाळीस पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या, म्हणजे जर्नलं, पुढ्यात आली. प्रोग्राम साधा, तीन विषयांच्या मार्कांची सरासरी. पहिल्यानं बेरजेला भागलं होतं चारनं. दुसऱ्यानंही चारनं. चाळीसच्या चाळीस जणांनी चारनं!

माझा शीण कुठल्या कुठं पळाला.

"डोकं गहाण ठेवून उतरवता का रे? कोणाचं पाहून लिहिलं?"

माझा आवाज ऐकून सर आत आले. मला आणखी चेव चढला. "सर, ज्या गाढवानं हे पहिल्यांदा लिहिलं, त्याला आधी शोधा!"

मागच्या बाकावरच्या अश्विनीनं भीत भीत पिशवीतून एक जुनं जर्नल काढलं. "ताई, सीनियरकून आलंय. तीन वर्सं झाली, समदे ह्येच्यावरूनच लिहायलेत."

"आण इकडं!"

मी ते सरांसमोर उंच धरलं. सरांनी कव्हरवरचं नाव वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं. नाव माझं! पहिलं वर्ष संपल्यावर मीच मोठ्या मनानं ज्युनियरला देऊन टाकलेलं. आत चारच्या भागाकाराखाली सरांची लाल सही.

सर हळूच म्हणाले, "मग, काय ठरलं तुझं?"

"येते, सर." दुसरं काय बोलणार?

अश्विनी खूश झाली. "लय भारी, ताई! तसंबी तुमीच शिकवायलाव आमाला."

आता दर सोमवारी थकून-भागून त्या चारांचे तीन करते. आणि एक सांगू? सरांना कळू देऊ नका. ती चूक तरी माझी कुठं होती हो? मीही ते जर्नल सीनियरचं पाहूनच उतरवलं होतं!