फुलसावंगीची ओळखपरेड

माणसाची ओळख पटवून घेण्याचं काम या देशात सर्वांत चोख कुणी करत असेल, तर ते माझ्या बायकोचे फुलसावंगीचे मामा. आधार, अंगठा, ओटीपी यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "मानूस म्हंजे त्याच्या चुका. बाकी साऱ्याची झेराक्स निंगते," असं ते म्हणतात. म्हणून फोन करणाऱ्याला आधी स्वतःची एक जुनी चूक सांगावी लागते, मग पुढचं बोलणं. त्यांच्या पुण्यातल्या इंजिनियर मुलानं एकदा व्हिडिओ कॉल केला. चौथीत असताना विहिरीत काय पाडलं होतं, हे त्याला आठवेना. मामांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "चेहरा बरोबर होता, मानूस दुसराच हाये."

मागच्या महिन्यात मामी आमच्याकडे यवतमाळला आल्या आणि पित्ताच्या खड्यांनी आडव्या झाल्या. डॉक्टर दुपारी ऑपरेशन करायचं म्हणाले. मामींचं एकच, "त्यायले येऊ द्या, मंगच आत जाईन." फोन करायच्या घाईत मी माझा मोबाईल दवाखान्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये पाडला. नर्सबाईंनी आपला दिला, पण माझे ओले हात पाहून स्वतःच स्पीकरवर धरला.

"मामा, मामी दवाखान्यात आहेत, लगेच निघा."

"चोर असंच म्हन्ते. कोन बोलून राह्यला तू?"

"मी, तुमचा जावई!"

"मंग सांग, पहिल्या दिवाळीले आमच्या घरी येऊन काय केलतं?"

नर्सबाई, दोन पेशंट आणि झाडू थांबवलेल्या मावशी ऐकत होत्या. मी खालच्या आवाजात सांगितलं, की आहेराची शाल मी मामांऐवजी बैल पाहायला आलेल्या व्यापाऱ्याला पांघरली होती.

"अन् मंग?"

"मग त्याच्या पाया पडलो."

"जवाईबापू, तुमीच हा!" मामा घाईघाईनं म्हणाले. "निंगतोच मी. तिले म्हना, घाबरू नको."

मामा वेळेत पोचले, ऑपरेशन झालं. मामींनी डोळे किलकिले केले, मामांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोन हाये?"

भूल उतरेपर्यंत असंच होतं, असं नर्सबाई सांगत होत्या, पण मामांचं लक्ष नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सुरुवात केली. "मी तुले पाहाले आलतो, तं चहा आनलेल्या तुह्या बहिनीलेच पसंत केलतं. वरात तुह्या गावच्या दुसऱ्याच मांडवात नेलती. पोरगा झाला तं बारशाले मीच उशिरा पोचलो..." इतक्या वर्षांत मामांची एकही चूक मी ऐकली नव्हती. ते आमच्या घेत, देत नसत.

सहाव्या की सातव्या चुकीला मामींचा हात चादरीवरून सरकत त्यांच्या मनगटावर आला. डोळे मिटलेलेच.

"पांढरकवड्याची सांगाची राह्यली," त्या पुटपुटल्या.

मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, तुमी जरा बाहेर बसा."

मी दार लोटून बाकावर बसलो. आतून मामांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच मामी हसायच्या, टाके दुखून थांबायच्या, आणि पुन्हा हसायच्या. माझं एवढं सगळं कुणाला पाठ असेल, याचा विचार करत मी बराच वेळ तिथंच बसून राहिलो.