बस्तीकडचं फाटक

"पहले इसे धुलवा दो," कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले. बोट बाकाकडे. कमलाबाई नुकतीच त्यावरून उठली होती.

झालाना जंगलाजवळ, उत्तरेकडच्या या शहराचं नवं वन होतंय. आराखडा माझा. मी इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. वनाच्या एका अंगाला कॉलनी, दुसऱ्या अंगाला बस्ती. मी दोन्हीकडे फाटकं आखली होती. त्या सकाळी जागेवरच बैठक होती. कमलाबाई बस्तीतली. वनातली निम्मी रोपं तिच्या हातची. तिने सरळ विचारलं होतं, "साब, पेड़ हमने लगाए. छाँव में बैठने भी दोगे कि नहीं?"

उत्तर म्हणून अध्यक्षांनी तिच्याच हातात बादली दिली. रोपांच्या पाण्याची. ती बसली होती ती जागा तिनेच धुतली. कोणीतरी हसत म्हणालं, "कोने में भी, अच्छे से."

मी बघत होतो. नुसता बघत होतो.

"आइए पंडितजी, विराजिए," अध्यक्ष मला म्हणाले.

मराठी प्राध्यापक म्हणजे ब्राह्मणच, असं इथे लोक धरून चालतात. आडनावावरून त्यांना काही कळत नाही. अकरा वर्षं मीही कळू दिलं नाही. माझा बाप गावच्या हॉटेलाबाहेर उकिडवा बसून चहा प्यायचा. कप त्याचा वेगळा, विसळायचा त्यानेच. बादली हातात देणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

तरी मी बसलो. बाक ओला होता. पँट भिजली. कमलाबाई बघत होती.

अध्यक्षांनी नकाशातल्या बस्तीकडच्या फाटकावर फुली मारली. "यहाँ काँटेदार झाड़ियाँ लगवा दो. घनी." पेन माझ्यापुढे धरलं.

मी उठलो. "मैं पंडित नहीं हूँ. दलित हूँ. इस पर साइन नहीं करूँगा."

अध्यक्षांनी पेन खिशात घातलं. "तभी तो," एवढंच म्हणाले.

मी कमलाबाईकडे वळलो. शाबासकी हवी होती मला, खोटं कशाला बोलू.

"तो बैठे क्यों थे?" तिने विचारलं. बादली तिथेच आपटून निघून गेली.

माफी मागायला मी तिच्या दारात गेलो नाही. मला मोकळं करणं हे तिचं काम नाही.

आता मला या कामातून काढतील. स्टाफरूममध्ये मी आलो की बोलणं थांबतं. थांबू दे. आराखड्यावर लोकांसमोर सुनावणी व्हायची आहे. तिथे मी बस्तीतल्या लोकांमध्ये उभा राहून बोलणार आहे, जात सांगून. ते फाटक परत नकाशावर येईपर्यंत त्या जमिनीत आणखी एक रोपही लागू देणार नाही.