कच्चा टाका

मास्तरांच्या जिभेला हाड नाही, असं त्यांची बायको लग्नापासून म्हणत आली होती. शिवणाच्या दुकानात मात्र तेच त्यांचं भांडवल होतं. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप द्यायला लागलं, की मास्तर म्हणत, "सोडा श्वास, पँटला सगळं कळतं!" सकाळी मैदानाला फेऱ्या मारतानाही पायांपेक्षा त्यांचं तोंडच जास्त चालायचं. सोबतीला एकच दोस्त, बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर.

एका सकाळी ड्रायव्हर मैदानाच्या फाटकाशीच उभा होता. म्हणाला, "मास्तर, ही गेली."

वहिनींचं लेकीकडे जायचं आठवडाभर चाललंच होतं. मास्तरांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "सुटलास लेका! आता चार दिवस चैन कर."

तेवढ्यात ड्रायव्हरचा मेहुणा धावत आला, रडून डोळे सुजलेले, आणि त्याला दंडाला धरून घरी घेऊन गेला. तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

कोणत्या तोंडाने जायचं त्याच्या दारात? ते गेलेच नाहीत. मग मैदान सुटलं. ड्रायव्हरची गल्ली टाळून ते लांबून दुकानात जाऊ लागले. झोप उडाली, घास उतरेना, रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि विचारलं, "दिवसभर बोलता कुणाशी?"

"गिऱ्हाइकांशी की," मास्तर धडधडीत खोटं बोलले. गिऱ्हाइकांना ते आता मापाच्या आकड्यांपलीकडे काही सांगत नव्हते. बायको खोदून खोदून विचारायची. पण ते वाक्य तिच्यापुढे उच्चारायचीही लाज वाटायची.

दोनेक महिन्यांनी ड्रायव्हरच दुकानात आला. हातात पँटी होत्या. "सगळ्या घसरतात. कंबर बारीक करून दे."

मास्तरांनी खाली मान घालून त्याच्या कमरेला टेप लावला. टेप कितीतरी आत आला. या माणसाचं माप त्यांना तोंडपाठ होतं, आणि आता हा निम्मा उरला होता.

"मी त्या दिवशी बोललो ते..." मास्तर टेप गुंडाळत म्हणाले.

"ते होय? तुला वाटलं लेकीकडे गेली. मला तिथंच कळलं. हिने ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती." ड्रायव्हरने पँटी टेबलावर ठेवल्या. "घरात माणसं जमली होती, मास्तर. तरी आधी तुला सांगायला आलो होतो. ती गेली, ते कुणाच्या हातात नव्हतं. तू का गेलास?"

मास्तरांना वर बघवेना. इतके दिवस ते भलत्याच गोष्टीची लाज धरून बसले होते.

त्यांनी सुईत दोरा ओवला. "कच्चाच टाका घालतो," ते पुटपुटले. "लवकरच उसवावा लागेल. उद्या सकाळी फाटकाशी थांब. मी येतो."