सात नंबरचं जुनं बांधकाम

मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८४. मुलुंड स्टेशनजवळच्या जुन्या बाजारात चौदा इमारतींवर नंबर टाकायचे होते. सकाळी नऊला मी गेरूचा डबा आणि ब्रश घेऊन पहिल्या भिंतीसमोर उभी होते.

मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. बाजारातला रस्ता रुंद होणार होता. त्यात चांगली जुनी बांधकामं जाऊ नयेत म्हणून दुकानदारांच्या मंडळाने आमच्याकडून एक यादी करून घेतली होती. यादीतली इमारत आली की रोड लाइन, म्हणजे नकाशावरची रस्त्याची कड, थोडी वळवायची असं ठरलं होतं. शुक्रवारी रस्त्याचे साहेब येऊन यादी आणि जागा ताडून पाहणार होते.

नंबर खडूने टाकायची पद्धत होती. "खडू शुक्रवारपर्यंत टिकणार नाही," आमचे गुप्तेसाहेब म्हणाले. "गेरू वापरा." मी वापरला. पुढचं सगळं त्यातून झालं.

सात नंबर अनसूयामावशींचा. तळमजल्याचं लाकडी घर, पुढे ओटा, ओट्याला चार कोरीव खांब. बाजारातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात देखणं. मावशी त्या ओट्यावर बसून मसाले विकायच्या. रोड लाइन बरोबर ओट्यावरून जात होती. ओटा गेला की दुकान गेलं, आणि मावशींना दुसरी मिळकत नव्हती. खरं म्हणजे त्या एका घराची नोंद यादीत नीट यावी म्हणून मी घरी बसून दोन रविवार खर्च केले होते. मी नंबर टाकला तेव्हा मावशी बँकेत गेल्या होत्या. संध्याकाळी भेटून सांगू म्हटलं आणि विसरले.

शुक्रवारी दहाला गुप्तेसाहेब आणि मी बाजारात शिरलो. पिठाच्या गिरणीवर पंधरा नंबर होता. मी टाकलेला नव्हता. पाण्याच्या पिंपावर एकोणीस. चहाच्या टपरीवर सव्वीस, आणि टपरीच्या बाकड्यावर वेगळा सत्तावीस. एका शेळीच्या पाठीवर एकतीस.

"तुम्ही चौदाच टाकले होते ना?" गुप्तेसाहेबांनी विचारलं.

"चौदाच."

टपरीवाल्याने खुलासा केला. "मॅडम, झोपडपट्टीत लाल नंबर पडला की फोटोपास भेटतो. पास असला की तोडल्यावर दुसरी जागा भेटते. तुम्ही पक्क्या घरांना नंबर दिले, आमची काय चूक?"

"आणि शेळी?"

"ती पण इथेच राहते ना."

तेवढ्यात जीपमधून रस्त्याचे साहेब उतरले. जाधवसाहेब. हातात टाइप केलेली यादी, डोक्याला टोपी, चेहरा जेवणाआधी काम संपवायचं असा. एक ते सहा त्यांनी भराभर टिक केले. मग मावशींच्या घरासमोर थांबले.

"सात नंबर कुठाय?"

भिंत स्वच्छ होती. इतकी स्वच्छ ती मी कधीच पाहिली नव्हती.

"मावशी, नंबर कुठे गेला?"

"काथ्याने घासून काढला," मावशी ओट्यावरून म्हणाल्या. "दोन दिवस लागले गं. गेरू काय लवकर निघतो?"

"पण का?"

"परळला आमच्या खोल्यांवर असाच लाल नंबर टाकून गेले होते. पंधरा दिवसांत बिऱ्हाड फुटपाथवर. मला काय माहीत तू चांगल्यासाठी टाकलायस?"

गेरूचा डबा माझ्या पिशवीत होताच. मी डबा उघडला. "साहेब, आत्ता टाकते."

"माझ्यासमोर टाकलेला नंबर मी पाहणीत कसा धरू?" जाधवसाहेब म्हणाले. "आणि सात तर तो काय, तिथे आहे."

ओट्यापासून चार फुटांवर बाळा परबची हातगाडी उभी होती. कापडगिरणी बंद पडून नोकरी गेल्यापासून बाळा त्यावर लिंबं, मिरच्या, कोथिंबीर विकायचा. गाडीच्या फळीवर ठसठशीत सात.

"बाळा, हे काय?"

"म्हातारयेन नंबर धुवन टाकल्यान," बाळा म्हणाला. "फुकट जावचो नाय म्हणान माझ्या गाडयेर घातलंय."

"घातलास तर घातलास," मावशी म्हणाल्या. "आता पूस मेल्या."

"कोणी काही पुसायचं नाही," जाधवसाहेब म्हणाले. "आमच्याकडे एक नंबर बदलला की सगळी यादी रद्द. परत पाहणी, परत सह्या. तोपर्यंत रस्ता होऊनही जाईल." मग त्यांनी यादी वाचली. "सात. लाकडी बांधकाम. तळमजला. बरोबर. वर मजला दिसत नाही. कोरीव खांब?"

गाडीवर ताडपत्री धरायला दोन बांबू होते. एका बांबूवर बाळाने सुरीने स्वतःचं नाव कोरलं होतं, दुसऱ्यावर बायकोचं.

"कोरलेले आहेत," साहेब म्हणाले आणि टिक केली.

"साहेब, त्याला चाकं आहेत," गुप्तेसाहेब म्हणाले.

"यादीत चाकांचा रकाना नाही."

गुप्तेसाहेब आणखी काही बोलणार होते. मी त्यांच्या बाहीला हात लावून त्यांना थांबवलं.

"साहेब," मी विचारलं, "शेवटच्या रकान्यात सातला काय शेरा आहे?"

"जागेवरून हलवू नये. रोड लाइन पुढून वळवावी."

"म्हणजे गाडीच्या पुढून?"

"सात नंबरच्या पुढून."

"आणि गाडीच्या मागे जे घर आहे, त्याचं काय?"

"ते माझ्या यादीत नाही. माझं त्याच्याशी काही काम नाही." एवढं बोलून ते आठ नंबरकडे निघाले. वाटेत शेळी आडवी आली. त्यांनी तिच्या पाठीवरचा नंबर वाचला, यादी पाहिली आणि तिला वळसा घातला.

मावशी मला म्हणाल्या, "म्हणजे माझा ओटा राहिला?"

"राहिला."

"याच्या कोथिंबिरीमुळे?"

"हो."

"बघलास?" बाळा म्हणाला. मावशींनी संध्याकाळी त्याच्याकडून दोन जुड्या घेतल्या, असं मला नंतर कळलं.

रस्ता झाला. त्या जागी त्याला एक वळण आहे आणि ते का आहे हे कुठल्याच नकाशात लिहिलेलं नाही. मी त्यातून एवढंच शिकले की भिंतीवर ब्रश टेकवायच्या आधी दार वाजवून घरातल्या माणसाशी बोलावं. बँकेत गेली असेल तर थांबावं.

मात्र त्या शुक्रवारी घरी जाताना एक गोष्ट मला सतावत होती. जागेवरून हलवू नये असा शेरा असलेलं बांधकाम बाळा रोज पहाटे भाजी आणायला ढकलत नेत होता. शनिवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी हार्डवेअरच्या दुकानातून साखळी आणि कुलूप घेतलं आणि गाडी मावशींच्या कोरीव खांबाला बांधली. एक किल्ली मावशींना दिली, एक पर्समध्ये टाकली.

"आणि माका भाजी आणूक जावचा झाला तर?" बाळाने विचारलं.

"पिशवी घेऊन जा," मी म्हटलं.